हळवे भात, गरवे भात आणि आपली धावणारी मुले



ह्या पानावर एरवी मी राब, खते, गुरांचे लसीकरण आणि पावसाळ्यातील ताप यांविषयी लिहितो. ह्या खेपेस विषय आहे मुलांच्या धावण्याचा. शेतीचे पान वाया घालवले असे कोणी म्हणू नये, कारण भाताचे उदाहरण डोळ्यांसमोर नसते तर मला हा विषय समजलाच नसता.

दोन वर्षांमागच्या आगमनकाळातील एका रविवारची गोष्ट. मिस्सात घंटी वाजली, सारे चर्च गुडघ्यावर आले, आणि तिसऱ्या बाकावरचा एक चौदा वर्षांचा उंच मुलगा मात्र बाकाला टेकून तसाच अर्धवट उभा राहिला. मिस्सा संपल्यावर मी त्याला दाराशी गाठले आणि चार माणसांदेखत विचारले, "उंची वाढली म्हणजे देवापुढे वाकायचे नाही, असे कोणी शिकवले तुला?" मुलगा खाली मान घालून निघून गेला. मंगळवारी त्याची आई आली. म्हणाली, "फादर, पोराला गुडघा टेकवत नाय. रात्री कण्हतो. तुमच्या पळण्यानं झालं असं तो बोलत नाय, पण मला वाटतं." तिने मुलाला पुढे केले. त्याच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाटीखाली, नडगीचे हाड जिथे सुरू होते तिथे, सुपारीएवढा फुगवटा आला होता. बोट लागताच तो कळवळला.

"तुमचे पळणे" म्हणजे काय ते सांगतो. त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपल्यावर आठवी-नववीच्या बावीस मुलामुलींना मी सोमवार, बुधवार, शुक्रवार असा पहाटे सहा वाजता धावण्याचा सराव देऊ लागलो होतो. जानेवारीत क्रीडास्पर्धा होत्या. त्याशिवाय मनात दुसराही हेतू होता. खानवेल, मांदोनी, दुधनीकडच्या पाड्यांतील मुलांना दहावी-बारावीनंतर सैन्याची किंवा पोलिसांची भरती हाच एक मोठा दरवाजा दिसतो आणि त्या दरवाजात १६०० मीटरची धाव आडवी असते. मुले लवकर तयार व्हावीत असे मला वाटले. सेमिनरीत आमच्या फुटबॉलच्या संघाला जो सराव होता, तोच मी जसाच्या तसा ह्या मुलांना लावला: २०० मीटर जोरात धाव, एक मिनिट चाल, असे आठ वेळा. सेमिनरीत आम्ही विशीतले बाप्ये होतो आणि ही तेरा-चौदा वर्षांची पोरे आहेत, हे मात्र माझ्या ध्यानात आले नाही.

ह्या पद्धतीला इंटर्व्हल ट्रेनिंग म्हणतात. त्यात काही गूढ विद्या नाही. एका दमात दोन मैल रखडत धावण्याऐवजी थोडे अंतर जोरात धावायचे, थोडे चालायचे, पुन्हा जोरात धावायचे. मधल्या विसाव्यात नाडी उतरते पण पुरती उतरत नाही, आणि तेवढ्यात पुढची धाव सुरू होते. त्यामुळे हृदय आणि फुप्फुसे थोड्या वेळात पुष्कळ काम करतात. जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर हा प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइन्डेल हा वैद्य यांनी ही पद्धत शास्त्रशुद्ध केली. गेर्शलरच्या हाताखाली तयार झालेल्या रुडॉल्फ हार्बिगने १९३९ साली ८०० मीटरची धाव १ मिनिट ४६.६ सेकंदांत पुरी करून जगाचा विक्रम मोडला. पुढे चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक ४०० मीटरच्या फेऱ्या एकामागून एक मारीत असे, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ५,००० मीटर, १०,००० मीटर व मॅरेथॉन ही तिन्ही सुवर्णपदके घेतली. पद्धत चांगलीच आहे. आपल्या कबड्डीतील तीस सेकंदांची चढाई आणि खो-खोतील पाठलाग हे तरी दुसरे काय आहे? पण हार्बिग काय आणि झाटोपेक काय, हे पूर्ण वाढलेले पुरुष होते. त्यांच्या मापाने शिवलेला अंगरखा मी मुलांच्या अंगात घातला.

आता भाताकडे वळू. आपल्याकडे हळवे, निमगरवे आणि गरवे असे तीन जातींचे भात लावतात, हे नव्याने सांगायला नको. हळवे साधारण ११० दिवसांच्या आसपास तयार होते आणि दसऱ्याच्या आगेमागे कापणीला येते. गरव्याला १३० दिवसांहून अधिक लागतात. दोन्हींचा राब एकाच मृगाच्या पावसात पेरलेला असतो. ऑगस्टअखेर एखादा शहरी पाहुणा बांधावर उभा राहिला तर हळव्याच्या खाचरात लोंबी धरलेली पाहून तो म्हणेल, काय छान पीक, आणि शेजारच्या गरव्याकडे पाहून म्हणेल, हे फुकट गेले. आपण त्याला हसू. आणि युरियाचा हप्ताही आपण तारखेवर टाकत नाही. फुटवे आले का, लोंबी पोटात धरली का, हे पाहून टाकतो. हे शहाणपण खाचरात वापरणारा माणूस शाळेच्या मैदानावर आला की ते बांधावरच विसरून येतो. मीही विसरलो.

मुलांच्या शरीरातही हळवे-गरवे असते. वाढीचा झपाटा मुलींमध्ये साधारण बाराव्या वर्षी आणि मुलांमध्ये साधारण चौदाव्या वर्षी सर्वांत जोरात असतो, पण ही सरासरी झाली. कोणाचा तो दीड-दोन वर्षे आधी येतो, कोणाचा तितकाच उशिरा. म्हणून आठवीच्या एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांच्या शरीरांत तीन-चार वर्षांचे अंतर असू शकते. एकाला मिसरूड फुटलेले, आवाज फाटलेला, दुसरा अजून बालस्वरात गाणारा. आमच्या गायकवृंदात हे अंतर लगेच ऐकू येते आणि आम्ही त्याप्रमाणे जागा बदलतो. धावताना मात्र सगळ्यांना एकाच रेषेवर उभे करतो.

कागदावरच्या वयाचा इथे काही उपयोग नाही. महाराष्ट्रातील शाळांच्या वह्या उघडल्या तर १ जून ह्या एका दिवशी इतकी मुले जन्मलेली आढळतात की तो एक विनोदच झाला आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकली, एवढाच त्याचा अर्थ. क्रिकेट मंडळाने सोळा वर्षांखालील खेळाडूंच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहण्याची पद्धत आणली ती ह्यामुळेच. आमच्याकडे बाप्तिस्म्याची वही आहे, त्यामुळे ख्रिस्ती मुलांची जन्मतारीख मला पक्की ठाऊक असते. पण खरी जन्मतारीख समजली तरी शरीर वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते समजत नाही. हळव्या-गरव्याचीही पेरणीची तारीख एकच असते.

आता ह्या वाढीचा आणि धावण्याचा संबंध काय, तो नीट पाहू.

लहान मुलाचे स्नायू मुख्यत्वे प्राणवायूवर चालतात. प्राणवायूवाचून झटक्यात जोर काढण्याची, म्हणजे कोरड्या गवताप्रमाणे भडकून जळण्याची, शक्ती त्यांच्यात कमी असते आणि ती वयात येताना वाढते. म्हणून लहान मूल मोठ्याइतका जोर काढू शकत नाही, पण काढलेल्या जोराने थकतही नाही आणि चटकन ताजेतवाने होते. २०१८ साली फ्रान्समधील संशोधकांनी ८ ते १२ वर्षांच्या मुलांची तुलना सर्वसाधारण प्रौढांशी आणि राष्ट्रीय दर्जाच्या कसलेल्या प्रौढ खेळाडूंशी केली, तेव्हा थकवा न येण्यात आणि श्रमानंतर पूर्ववत होण्यात ही मुले कसलेल्या खेळाडूंच्या बरोबरीची ठरली. ज्या आईने रविवारच्या दुपारी आपल्या मुलाला झोपवण्याचा प्रयत्न केला आहे तिला यात नवल वाटणार नाही.

ह्याचा परिणाम असा होतो की "२०० मीटर धाव, एक मिनिट चाल" हे वाक्य वहीत एकच असले तरी मैदानावर त्याची दोन निरनिराळी कामे होतात. लहान शरीराच्या मुलाला ते मिनिट फार झाले. त्याची नाडी उतरून जाते, तो खडे मारीत उभा राहतो, आणि सरावाचा जोर त्याला लागतच नाही. मिसरूड फुटलेला मुलगा मात्र आता खरा जोर काढू लागलेला असतो, त्याचे पाय भरून येतात आणि त्याला ते मिनिट अपुरे पडते. एकाला कमी, दुसऱ्याला जास्त, आणि शिक्षकाच्या हातात शिट्टी एकच.

१९८३ साली व्हिक्टर कॅच ह्या अमेरिकन संशोधकाने असा विचार मांडला होता की वयात येण्यापूर्वी शरीराला सरावाचा विशेष फायदा होतच नसावा, वयात येणे हाच जणू बंदुकीचा घोडा. अनेक प्रशिक्षकांनी ते खरे धरले. पुढच्या अभ्यासांत असा एकच उंबरठा सापडला नाही. लहान मुलांचा दमसासही अशा सरावाने वाढतो, फक्त वाढ प्रौढांपेक्षा कमी असते, बहुतेक पाच-दहा टक्क्यांच्या घरात. वयात आल्यावर जे विशेष वाढते ते वेग, उडी, ताकद. तेव्हा "लहान आहे, आत्ता सराव कशाला" हे म्हणणे बरोबर नाही आणि "लहान आहे, सुधारत नाही, सोडून द्या" हे तर त्याहून बरोबर नाही.

आणि सगळ्यांत मोठी फसगत घड्याळाची. सहा महिन्यांत मुलाची वेळ कमी झाली की शिक्षक म्हणतो, माझा सराव लागू पडला. पण त्या सहा महिन्यांत त्या मुलाचे पाय लांबले, हृदय मोठे झाले, रक्तातील हिमोग्लोबिन वाढले. काहीही न करता घरी बसला असता तरी तो वेगाने धावला असता. उलट ऐन झपाट्यात असलेला मुलगा काही महिने मंदही होतो. आधी पावले वाढतात, मग पाय, मग धड. वजन उंचीच्या मागून येते आणि ताकद वजनाच्याही मागून. तोवर तो नव्या नांगराला जुंपलेल्या बैलासारखा स्वतःच्याच पायात अडखळतो. अशा वेळी घड्याळ पाहून मुलाची किंमत करणे म्हणजे ऑगस्टमध्ये गरव्याची कापणी करणे.

माझ्याकडून नेमके हेच घडले. माझ्या वहीत सरावाआधीची आणि दहा आठवड्यांनंतरची ८०० मीटरची वेळ लिहिलेली आहे. एक मुलगा ३ मिनिटे ५ सेकंदांवरून २ मिनिटे ४६ सेकंदांवर आला. त्याला दाढी यायची तेवढी बाकी होती. मी त्याला संघाचा नायक केले. दुसरा दुधनीकडचा, वसतिगृहात राहणारा, अंगाने एवढासा. आठवी धाव झाली तरी तो हसत असे आणि "अजून एक मारू का फादर?" म्हणून विचारीत असे. त्याची वेळ ३ मिनिटे २२ सेकंदांवरून ३ मिनिटे १९ सेकंदांवर आली, म्हणजे आलीच नाही म्हणा. मी त्याला सांगितले, "तुझे काम नाही हे, पुढच्या वर्षी बघू." जो मुलगा आठ धावा मारून हसतो आहे त्याच्या दमात काय खोट असणार, हे मला तेव्हा उमगले नाही. तो पुन्हा मैदानावर आला नाही. पुढच्या जूनमध्ये वसतिगृहातही आला नाही. त्याचे एवढेच कारण होते असे मी म्हणत नाही, घरची परिस्थितीही होती. पण पहाटे सहाला उठून येण्यासारखे त्याला जे एक होते ते मी काढून घेतले होते.

गेल्या वर्षी रखोलीच्या नाक्यावर तो मला भेटला. मामाच्या टेम्पोवर माल चढवीत होता. माझ्या खांद्यापर्यंतही न येणारा मुलगा आता माझ्या डोळ्याला डोळा भिडवून उभा होता. म्हणाला, "फादर, ओळखलं नाय का?" मी म्हटले, "किती उंच झालास रे!" तो हसून म्हणाला, "आता पळालो असतो बघा." मला काही उत्तर सुचले नाही. माझा तो संघनायक आता सोळाचा आहे. त्याच्या मागून वाढलेल्या मुलांनी त्याला गाठले आणि मागे टाकले, आणि त्याने धावणे सोडून दिले. त्याचाही दोष नाही. आपण सर्वांत वेगवान आहोत असे आम्हीच त्याला सांगितले होते. त्याचे शरीर फक्त लवकर पिकले होते.

गुडघ्याच्या त्या मुलाचे काय झाले ते सांगायचे राहिले. डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितले, ह्याला ऑस्गुड-श्लॅटर म्हणतात. बोस्टनच्या ऑस्गुड आणि झुरिचच्या श्लॅटर ह्या दोन वैद्यांनी १९०३ साली वेगवेगळे राहून त्याचे वर्णन केले. मांडीचा मोठा स्नायू वाटीवरून येऊन नडगीच्या हाडाला जिथे धरतो तिथे वाढत्या वयात कोवळी कूर्चा असते. हाडे झपाट्याने लांबत असतात, स्नायू ताणलेला असतो, आणि आपण वर धावा आणि उड्या घालतो. ती जागा सुजते. टाचेतही असेच होते. वाढ पुरी झाली की बहुतेकांचे आपोआप थांबते. तोवर उड्या आणि जोराच्या धावा कमी कराव्या, बर्फ लावावा, आणि दुखणे वाढले, एकाच पायात राहिले किंवा रात्री झोपू देत नसले तर डॉक्टरांकडे जावे. त्या मुलाची मी सगळ्या चर्चसमोर माफी मागितली नाही. एकट्याकडे मागितली. टाकून बोललो होतो सगळ्यांसमोर, तेव्हा हे पुरे झाले की नाही याविषयी मला अजून शंका आहे.

आता आम्ही काय करतो? सभागृहाच्या मागच्या भिंतीवर एक पट्टी रंगवली आहे. दर तीन महिन्यांनी प्रत्येक मुलाची उंची तिथे मोजून वहीत लिहितो. लहानपणी मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते. झपाट्यात मुलगे वर्षाला नऊ-दहा आणि मुली आठ-नऊ सेंटिमीटर वाढतात. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरांहून जास्त वाढ दिसली की ते मूल झपाट्यात आहे असे समजायचे. चपला लहान पडू लागल्या हीही एक खूण आहे, आणि ती आईला आमच्याआधी कळते. मनगटाच्या एक्स-रेची आम्हांला गरज पडलेली नाही.

झपाटा अजून न आलेल्यांना आम्ही दहा-वीस सेकंदांच्या धावा देतो, त्याही पकडापकडी आणि खो-खोच्या रूपात. विसावा तेवढाच छोटा, आणि ती थकत नाहीत म्हणून चिडायचे नाही. ऐन झपाट्यातल्यांच्या जोराच्या धावा निम्म्या करतो, उड्या जवळजवळ बंद, आणि पोहणे, चालणे, तोल सांभाळण्याचे खेळ जास्त. ज्यांची उंची वाढायची मंदावली आहे, आवाज ठरला आहे, त्यांना एक ते तीन मिनिटांच्या लांब धावा आणि भरपूर विसावा, आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, लागोपाठच्या दिवशी नाही. ह्या मुलांना खरा इंटर्व्हल सराव मानवतो. त्यातली साडेसतराला भरतीच्या रांगेत उभी राहणारी मुले तेव्हाही वेळेत तयार होतात. तेराव्या वर्षापासून त्यांना पिळण्याची काही आवश्यकता नाही. इंग्लंडमधील फुटबॉलच्या मोठ्या संघांनीही वयाऐवजी वाढीच्या टप्प्याप्रमाणे मुलांचे गट करून सामने खेळवून पाहिले आहेत. तेव्हा हे माझ्या एकट्याचे वेड नाही.

मुलींविषयी वेगळे लिहिले पाहिजे. मुलगा वयात येतो तेव्हा त्याचे हिमोग्लोबिन वाढते, मुलीचे तसे वाढत नाही, आणि पाळी सुरू झाली की दर महिन्याला लोह जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी आढळल्या. बारा वर्षांपुढील मुलीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तिला इंटर्व्हल सराव देणे म्हणजे कोरड्या विहिरीवर मोट चालवणे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती खाते की चिंचेच्या झाडाखाली टाकते, हे पालकांनी विचारावे. पहाटे कोऱ्या चहावर मुलीला धावायला पाठवू नये. रात्रीची नाचणीची भाकर, तुरीचे वरण, शेवग्याचा पाला, एखादे अंडे, सुकट, जे असेल ते तिच्या ताटात भावाइतकेच पडावे. पाळी आली म्हणून मुलीचे धावणे कायमचे बंद करणारी घरे आपल्या धर्मग्रामातही आहेत. त्यांच्याशी माझे भांडण आहे आणि ते पुढेही राहील.

आणि सिकलसेल. आपल्या वारली, कोकणा, धोडिया, दुबळा समाजांत हा रक्ताचा आनुवंशिक दोष आहे. सरकारने १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून बाधित आदिवासी भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी हा तिचा भाग आहे. ज्याला हा आजार प्रत्यक्ष आहे त्या मुलाला जोराच्या धावा देऊच नयेत, डॉक्टर सांगतील तेवढाच व्यायाम. जो केवळ वाहक आहे तो खेळू शकतो, पण कडक उन्हात, पाणी न पिता, विसावा न घेता जिवाच्या आकांताने धावणे त्याला क्वचित प्राणघातक ठरू शकते. लोहाची गोळीही सिकलसेलच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. तपासणीचा कागद आणल्यावाचून आता मी कोणालाही मैदानावर घेत नाही. ह्या एका बाबतीत मी कोणाचे ऐकणार नाही.

काही शिक्षक मला म्हणतात, "फादर, साठ मुले, एक मैदान, एक तास. वेगवेगळे गट कुठून करायचे?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण शिट्टी एकच राहिली तरी चालते. एकाच शिट्टीवर एक गट शंभर मीटर धावतो, दुसरा दोनशे, तिसरा चालतो. एवढे तर आमच्या दोन मोठ्या मुलींनी एका आठवड्यात बसवून दिले. खरी अडचण मैदानाची नाहीच. आपल्याला ढाल हवी असते, ती ह्याच वर्षी हवी असते, आणि ढाल लवकर पिकलेली मुले आणून देतात. वर्षानुवर्षे चौदा वर्षांखालील संघांत मिसरूड फुटलेलीच मुले निवडली जातात आणि त्याला आपण गुणग्राहकता म्हणतो.

डोंगरापलीकडे पाहा. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत आपल्याच आदिवासी समाजाची. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिने कांस्यपदक घेतले आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. डांगची सरिता गायकवाड आधी खो-खो खेळत असे. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ४ गुणिले ४०० मीटरच्या रिले संघात तिने सुवर्ण मिळवले. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि तिथे गेल्यावर स्पर्धेसाठी धावू लागला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये त्याला रौप्यपदक मिळाले आणि २०२३ च्या हांगझू आशियाई स्पर्धेत सुवर्ण. आठवीतली वेळ पाहून कोणी साबळ्याची निवड केली नव्हती.

संत मार्कने सांगितलेल्या दाखल्यातला शेतकरी बी पेरून झोपतो, उठतो, आणि पीक कसे वाढते ते त्याला कळत नाही. सेमिनरीत ह्या दाखल्यावर मी दहा पानांचा निबंध लिहिला होता. त्यातले मला काय कळले होते हे आता आठवत नाही.

पुढची उंचीमोजणी महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुसऱ्या मिस्सानंतर, सभागृहाच्या मागच्या भिंतीशी होईल. चपला काढून उभे राहावे लागेल. ज्यांनी तेल लावून केस वर उभे केले आहेत त्यांचे केस दाबून मोजले जाईल. रखोलीच्या त्या मुलालाही मी निरोप पाठवला आहे. त्याच्या मामाने "बघू" असे सांगितले आहे.